डबाबाईचा ठेका

तुमचा ठेका वाकडा आहे असं डबाबाईला कुणी दारात उभं राहून सांगितलं असतं, तर तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण सांगणारा पाहुणा आधीच आत आला होता, खुर्चीत ऐसपैस बसला होता आणि तिच्या ताईच्या हातचा अर्धा चहाही त्याच्या पोटात गेला होता. अर्ध्या चहावरून माणसाला उठवायचं कसं? ऐकून घ्यावं लागलं.

आता ही डबाबाई कोण, ते आधी सांगायला हवं. वाद्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं उभी हयात ऑर्गन आणि कीबोर्ड दुरुस्त केले. पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायला मालक होता. मागे सोल्डरिंगचा धूर, उघडी पडलेली यंत्रं आणि ही बाई. तरुणपणी तिच्याकडे एक घरगुती ऑर्गन दुरुस्तीला आला होता. बटण दाबलं की आपोआप टिकटिक ठेका देणारी एक छोटी पेटी त्यात होती. ऑर्गनचा मालक तो न्यायला पुन्हा काही फिरकला नाही. हिनं ती पेटी बाहेर काढली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली, आणि रोज काहीबाही जोडत गेली. शेवटी टिकटिकीचं असं काही धुम्म धुम्म झालं, की पुढच्या दुकानात टांगलेल्या गिटारी आपसूक वाजायला लागल्या. दुकानाचा मालक धावत आत आला. त्या दिवसापासून ती डबाबाई झाली, आणि साठी आली तरी ते नाव काही सुटलं नाही.

तो आवाज तिनं टेपवर घेतला. एका ठोक्याला एक, असे टेपचे तुकडे ब्लेडनं कापले, टोकाला टोक चिकटवून त्यांचं कडं केलं आणि ते यंत्रावर फिरत ठेवलं. कडं फिरत राहतं आणि तोच ठेका न थकता वाजत राहतो, एवढीच युक्ती. वर तिनं ट्यूबलाइटची गुणगुण चढवली, दुकानाच्या शटरचा खडखडाट चढवला, आणि एका मोडक्या कीबोर्डचा तो एकच सूर, जो काही केल्या बंद होत नव्हता. झालं गाणं! नाच म्हटला की ढोलकरी हवा, गाणारा हवा, बाजाची माणसं हवीत असं सगळे मानत होते त्या काळातली ही गोष्ट. ह्या बाईनं एक डबा घेतला आणि बाकी सगळ्यांना घरी बसवलं.

अगदी घरीच बसवलं म्हणायचं. गावातल्या नाचाच्या हॉलचे स्पीकर तीच दुरुस्त करायची. बँडवाले विसाव्याला बाहेर जातील तेवढ्यात लावून बघा, म्हणून तिनं ती टेप हॉलवाल्याला दिली. सरबत प्यायला गेलेली माणसं पेले तसेच टाकून परत आली. बँडवाले परतले तर त्यांना पाय ठेवायला जागा नाही आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघेना. त्यांनी तिच्याशी अबोला धरला. पुढे त्यांच्यातलाच ड्रमवाला एक दिवस खाली मान घालून दुकानात आला आणि मलाही एक डबा करून द्या म्हणाला. तिनं दिला की. वर चहाही पाजला.

मग टेपांच्या टेपा निघाल्या आणि समुद्रापलीकडे गेल्या. कुठल्याशा तळघरात कुणीतरी आपला डबा केला, त्याचा ऐकून आणखी कुणी केला. पुढे कॉम्प्युटर आले, डबे माळ्यावर गेले, पण नाचाचं संगीत करणारी पोरं अजूनही एकमेकांना सांगतात, डबाबाईसारखा ठेका जमला पाहिजे. बाई मात्र होती तिथंच. दिवसा दुकान, संध्याकाळी दोन खोल्यांचं घर आणि घरात ताई.

ताई म्हणजे मोठी बहीण, धंद्यानं शिंपीण. लहानपणीच्या आजारात तिचा डावा पाय आखूड राहिला. उजवं पाऊल पडायचं, मग डावं जरा रेंगाळून मागून यायचं. त्याबद्दल कुणी ब्र काढलेला तिला खपत नसे. एका चुलतभावानं घरच्या लग्नात तिच्या चालण्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवलं होतं. बिचाऱ्याच्या लक्षात राहिलं नाही, की त्याच्या नव्या पँटचं कापड ताईकडेच शिवायला आहे. ताईनं पँट शिवली झकास, फक्त डावा पाय वीतभर आखूड ठेवला. इस्त्री करून, घडी घालून पाठवली आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं ते कायमचं. डबाबाईची टेप वाजायची त्या हॉलमध्येही ती कधी गेली नाही. तिथं सगळे पायांकडे बघतात, म्हणायची.

तर असा हा पाहुणा, लांबून आलेला. डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर कॉम्प्युटर. स्वतः मोठा नावाजलेला संगीतकार, पण डबाबाईसमोर शाळेतल्या पोरासारखा अवघडून बसलेला. येत्या शनिवारी हॉलवाल्यानं डबाबाईच्या कौतुकाचा नाच ठेवला होता, त्यासाठी आलेला. त्यानं अगदी भक्तिभावानं सांगितलं, की आम्ही सगळ्यांनी तुमचा ठेका मोजून पाहिला आहे. त्यातला दर दुसरा ठोका किंचित उशिरा पडतो. ते कसं करायचं, हे शिकण्यात आमची निम्मी उमर गेली.

डबाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा ठेका दोरीसारखा सरळ आहे, तुमचंच यंत्र बिघडलं असेल, आणा इकडे, दुरुस्त करून देते, म्हणाली. पाहुणा हसला, नमस्कार करून गेला.

पण मनात किडा शिरला तो शिरलाच. पाहुण्याची पाठ वळताच तिनं चपट्या डबीतून ते पहिलं कडं काढलं. ताईची मापाची पट्टी घेतली आणि एकेक तुकडा मोजला. एकाआड एक तुकडा नखाएवढा लांब होता! सगळे तुकडे तिनं कानानं अंदाज घेत कापले होते आणि तिच्या कानाला ते सारखेच वाटले होते. पाहुणा खरं बोलत होता. असं झालं तरी कसं, ते तिला कळेना. तिनं कडं यंत्रावर चढवलं आणि ऐकत बसली.

तेवढ्यात ताई कपबश्या उचलायला आतून आली. उजवं पाऊल, ठोका. रेंगाळून डावं, ठोका. खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही पाऊल चुकलं नाही. डबाबाईनं यंत्र बंद केलं. ठेका चालूच राहिला, कपबश्या घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि नळापाशी थांबला.

डबाबाई लहान असताना आईवडील दोघं कामावर जायची. रडकी छकुली कडेवर घेऊन ताई घरभर फेऱ्या मारायची, पोर झोपेपर्यंत. जगात सरळ काय असतं ते डबाबाईच्या कानाला कळलं ते त्या कडेवर. तिला भरून आलं. आणि लगेच आठवलं. शनिवारी ताई येणार होती! जन्मात पहिल्यांदा, बहिणीचं कौतुक बघायला, त्यासाठी दोघींना नवे झगे शिवून. आणि ती हॉलमध्ये बघणार काय, तर सगळं गाव मिळून तिच्या चालण्याची नक्कल करतंय. एका चुलतभावाला तिनं आयुष्यभर माफ केलं नव्हतं. इथं तर बहिणीनं अख्ख्या दुनियेला नक्कल करायला लावली होती.

सांगायचा धीर होईना. शेवटी तिनं नवी टेप केली. पट्टीनं मोजून तुकडे कापले, नखाचासुद्धा फरक ठेवला नाही. जुनं कडं पिशवीत टाकलं, टाकून द्यायला, पण टाकवेना.

शनिवारी हॉल खच्चून भरला. काठी टेकत आलेल्या ताईला हॉलवाल्यानं भिंतीशी खुर्ची दिली. टाळ्या झाल्या, पाहुणा बोलला, जुना ड्रमवाला डोळे पुसत बोलला आणि डबाबाईनं ती नवी, सरळ ठेक्याची टेप लावली. लोक उठले, दोन पावलं नाचले आणि घुटमळले. कुणी खांदे हलवून पाहिले, कुणी एकमेकांकडे पाहिलं. ठेका बरोबर होता, पण त्यात जीव नव्हता.

ताईनं काठीच्या टोकानं बहिणीला जवळ बोलावलं. "हे काय लावलंयस? घरी वाजतं ते लाव. त्याच्यावर माझं शिवण चांगलं चालतं."

डबाबाई काय करते? गुपचूप गेली, पिशवीतून कडं काढलं, यंत्रावर चढवलं आणि ताईकडे बघत उभी राहिली. धुम्म, मग जरा थांबून धुम्म. हॉल क्षणात हलायला लागला. म्हातारे, पोरं, पाहुणा, ड्रमवाला, सगळे उजवीकडे झुकले आणि डावं पाऊल मागून ओढत आले. माणूस कसा उभा राहतो, कसा वळतो, हे बघण्यात ताईचा जन्म गेला होता. तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा कोरा झाला. डबाबाई तिच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली.

"हे माझं चालणं आहे," ताई म्हणाली.

"हो. मुद्दाम नाही केलं, ताई. मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. मला हेच सरळ वाटतं."

ताई समोरचे पाय बघत राहिली, कापडाचा घसरलेला काठ बघावा तशी. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"सगळे डावा पाय घाईनं टाकतायत," ती म्हणाली. "कुणी शिकवलं नाही वाटतं ह्यांना. धर ही काठी."

आणि उठली. काठीशिवाय, नव्या झग्याचा घोळ सावरत, पायांच्या त्या गर्दीतून थेट मधोमध गेली. उजवं, मग रेंगाळून डावं. पाहुण्यानं तिचं पाऊल पाहिलं, आपलं पाहिलं आणि थांबलाच. निम्मी उमर घालवून जे जमलं नव्हतं ते समोर चालत होतं. त्यानं वाकून तिच्याकडे हात पुढे केला. ताईनं तो धरला आणि त्याचा डावा पाय घाई करतोय, हे त्याला चारचौघांत ऐकवलं. डबाबाई काठी छातीशी धरून हसत होती आणि रडतही होती, तिचं तिला कळत नव्हतं.

गाणी संपत आली तेव्हा ताई धापा टाकत, लालेलाल होऊन खुर्चीत येऊन बसली. पाणी प्यायली, झगा नीट केला.

"आपल्या त्या चुलतभावाला पुढच्या शनिवारी बोलाव," ती म्हणाली. "येताना ती पँट घालून ये म्हणावं."