राणीच्या कपाळावरचं कुंकू

माझ्याकडे विलायतेच्या राणीसरकारची जी तसबीर आहे, तिच्या काचेवर कुंकवाचा डाग आहे. तो मी कुणाला पुसू देत नाही.

ही तसबीर आमच्या घरी आली ती काही राजनिष्ठेपोटी नव्हे. ठाण्यातला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. कोलशेतच्या एका मिठागरवाल्याला त्यातलं सागवानी टेबल हवं होतं. टेबलाबरोबर तसबीरही त्याच्या गळ्यात पडली. दोन महिन्यांनी मीठ द्यायला आला तेव्हा ती काखेत घेऊनच आला.

"ही बाय भिंतीवरशी बगत ऱ्हाते," तो वडिलांना म्हणाला, "मंग पोरांना घास उतरत नाय. तुमी सरकारी मानूस, तुमीच ठेवा."

वडील कचेरीत कारकून. नको म्हणायची सोय नव्हती.

चैत्रात आईनं गौर बसवली. आरास करायची म्हणजे शेजारणींवर मात करायची, त्यात आई कुणाला हार जाणारी नव्हती. तिनं राणीला गौरीच्या बाजूला उभं केलं. टेंभी नाक्यापासूनच्या बायका हळदीकुंकवाला आल्या. एकीनं गौरीला कुंकू लावलं आणि त्याच बोटानं राणीलाही लावलं. मग मागच्यांनी कशाला मागे राहावं? राणीचं कपाळ लालभडक झालं.

तेवढ्यात वडील कचेरीतून आले. बघताच म्हणाले, "अहो, ही विधवा आहे. म्हणून तर डोक्यावर पांढरी जाळी."

बायकांचे हात पन्ह्याच्या भांड्यांवरच थिजले. कुंकू पुसायला हवं, पण पुसणार कोण? सवाष्णीनं कुंकू पुसायचं म्हणजे नसता अपशकुन. मग सगळ्यांना एकदमच आत्या आठवली.

माझी आत्या बालविधवा. आदल्या रात्री भिजवलेली सगळी डाळ तिनंच पहाटे वाटलेली असायची, आणि बायका यायच्या वेळी ती स्वयंपाकघराचं दार ओढून आत बसायची. मला त्या दाराचा फार राग येई. आज ते आईनंच उघडलं.

आत्या आलवणाचा पदर सारखा करत बाहेर आली. तसबिरीपुढे उभी राहून तिनं राणीचा गळा, हात निरखून पाहिले.

"दादा, हिचे दागिने तसेच आहेत?"

"आहेत की."

"आणि राज्य कोण करतं?"

"तीच."

आत्या हसली. इतकी मनापासून हसलेली मी तिला पाहिली नव्हती.

"मग राहू दे की," ती म्हणाली. "माझं पुसलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मी कुणाचं पुसणार नाही."

ती आत गेली आणि दार ओढायला विसरली. वडिलांनी तसबीर त्याच संध्याकाळी आत्याच्या खोलीत लावून दिली. पुढे तिच्याकडून ती माझ्याकडे आली.

पण त्याआधी दुसरा चैत्र आला. आईनं आरास केली, आत्याकडून तसबीर मागून आणली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वन्सं, राणीला एकटं बसवणं बरं दिसत नाही. तुम्ही बसा बघू तिच्याजवळ."

एकदोघींची तोंडं वाकडी झाली. आईनं तिकडे बघितलंच नाही. आत्या बसली. डाळीची पहिली वाटी मी तिच्या हातात दिली.