नखाएवढं वायफाय आणि मोठा पडदा

माझा राग नाकावर असतो. डीटीपीच्या दुकानात वीस वर्षं लग्नपत्रिका आणि जयंतीची पत्रकं टाइप करताना तो तिथंच होता, आणि दुकान बंद झाल्यावर माझ्याबरोबर घरी आला. मालकांनी निरोप देताना माझा कॉम्प्युटर मलाच देऊन टाकला. "तुझाच हात बसलाय त्याला, घेऊन जा," म्हणाले. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो जुनी ओढणी पांघरून कोपऱ्यात बसून होता. त्याची कधी गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

मग नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला.

हे पैठणच्या बसवर कंडक्टर. "बिडकीऽन! बिडकीनवाले, चला!" म्हणून हाक मारली की शेवटच्या सीटवर डुलक्या घेणारा माणूससुद्धा पिशवी उचलून उभा राहायचा. घरातही तोच आवाज. मी कितीदा म्हणाले असेन, "अहो, हळू बोला, मी काय शेवटच्या सीटवर बसलेय का?" आता ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते. झटक्यानं उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण 'ह'च्या पुढं काही उमटत नव्हतं.

दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी एक काम केलं. आमच्या लोखंडी कपाटाच्या दाराला उभा आरसा आहे, तो पलंगावरून सरळ दिसतो. त्याच्यावर मी दुकानातून आणलेले जयंतीच्या पत्रकांचे जुने प्रूफ चिकटवून टाकले, वरपासून खालपर्यंत. बेसिनवरचा छोटा आरसा काढून कपाटामागं सरकवला. रोज गुळगुळीत दाढी करून, भांग पाडून ड्यूटीवर जाणारा माणूस. त्यानं आपलं तोंड असं पाहू नये, एवढंच माझ्या मनात होतं. दाढी मीच करायला लागले.

बोलायला शिकवणाऱ्या एक बाई पुण्याहून दर गुरुवारी अकरा वाजता व्हिडिओवर यायच्या. गावातल्या दवाखान्यात आम्ही दोनदा गेलो, पण दुसऱ्यांदा रिक्षात चढताना हे पडले, आणि त्यानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हते. म्हणून फोन. माझ्या फोनची काच तडकलेली, पडदा तळहाताएवढा. मी आधी स्वतः कॉल जोडून घ्यायचे, मग फोन ह्यांच्यासमोर धरायचे, आणि कोपऱ्यातल्या ज्या छोट्या चौकटीत आपलं तोंड दिसतं तिच्यावर अंगठा ठेवायचे.

तीन गुरुवार झाल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, त्यांना माझे ओठ दिसतच नाहीयेत. ते बघून बघूनच शिकणार ना? मोठ्या पडद्याची सोय करा. आणि शेजारी एक आरसा ठेवत जा, त्यांना स्वतःचंही तोंड दिसू दे."

"आरसा फुटलाय," मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "बरं. पण पडद्याचं पुढच्या गुरुवारपर्यंत बघाच. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात, तुमचे पाच संपत आले. असंच चाललं तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. रांग आहे हो."

मी ओढणी काढली. कॉम्प्युटर सुरू होऊन तिथंच घरघरत राहिला. पैठण गेटजवळच्या दुरुस्तीवाल्या भाईंकडं नेला. ते दुकानाच्या काळापासूनचे ओळखीचे. त्यांनी उघडला, फुंकर मारली आणि मान हलवली. "ताई, नई विंडोज इसमें डाली तो बेचारा दम तोड़ देगा. लिनक्स डाल देता हूँ. अलग दिखेगा, मगर चलेगा मक्खन." दुकानात फॉर्मचे फोटो काढायला असलेला कॅमेरा माझ्याकडं होताच, तो लगेच चालला. राहिलं नेट. कॉम्प्युटरला वायफाय नव्हतं, म्हणून मागं लावायचं नखाएवढं वायफाय मी बाजारातून आणलं. खोक्यावर विंडोजचं चित्र होतं. लिनक्सचं नाव कुठंच नव्हतं, पण मी ते वाचायच्या मनःस्थितीत नव्हते.

नेट वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंचं. त्या मूळच्या लासूर स्टेशनच्या. विचारायला गेले तर म्हणाल्या, "घ्या की ओ ताई! आमचं नेट काय वापरून झिजतंय व्हय?" आणि कॅलेंडरच्या पानावर पासवर्ड लिहून दिला. वायर मात्र खाली सोडता येणार नव्हती, नुकताच रंग दिलेल्या भिंतीला त्यांचे यजमान भोक पाडू देणार नव्हते.

सोमवारी ते नखाएवढं वायफाय लावलं. पडद्यावर एक डिस्क आली. सीडी टाकल्यावर यायची तशी. उघडली तर आत एक फाइल, तिच्यावर कितीही टिचक्या मारा, ढिम्म. वायफायचा पत्ता नाही. मागची सगळी भोकं बदलून पाहिली. दर वेळी तीच डिस्क.

मंगळवार, बुधवार, दुपारी हे झोपले की मी फोनवर शोधत बसायचे. जगभरातले लोक हेच रडगाणं गात होते, आणि त्यांना उत्तर देणारे इतके शहाणे की दोन ओळींत मोकळे. काळ्या खिडकीत लांबलचक आज्ञा टाइप करायच्या. टाइप करणं हा माझा धंदा, त्याची भीती नव्हती. पण कॉम्प्युटरनं त्याचा पासवर्ड मागितला आणि मी बटणं दाबली, तर पडद्यावर काहीच उमटेना. एक ठिपकाही नाही. कीबोर्ड मेला म्हणून मी तो उलटा करून आपटला, त्यातून बिस्किटांचा चुरा पडला. संध्याकाळी कळलं, तिथं पासवर्ड दिसतच नाही, आंधळ्यासारखा टाइप करायचा. तो टाइप केला, तर उत्तर आलं की नेट नाही. ड्रायव्हर, म्हणजे ते वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, उतरवायला नेट लागतं, आणि नेट यायला ड्रायव्हर लागतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. फोन वायरीनं जोडून पाहिला, तो नुसता चार्ज व्हायला लागला.

बुधवारी माझा तोल गेला. ह्यांनी पाणी मागायला 'ह... ह...' केलं आणि मी ओरडले, "काय ह? काय पाहिजे ते सांगा ना!" सांगता येत असतं तर हा सगळा खटाटोप कशाला होता? ह्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मी पाणी पाजलं, पण ते माझ्याकडं बघेनात. स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. माझ्या रागाची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

गुरुवारी सकाळी ह्यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्ची कॉम्प्युटरसमोर मांडून बसवलं. कशाच्या भरवशावर, देव जाणे. भाईंचा फोन लागत नव्हता. पावणेअकरा झाले. पडद्यावर तीच डिस्क. मी ठरवलं, झालं तेवढं पुरे. हे काढायचं, खोक्यात घालायचं, परत करायचं, आणि बाईंना कळवून टाकायचं की आमच्यानं होत नाही.

आता दुकानातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं भिंतीवर पाटीच होती: पेनड्राइव्ह इजेक्ट केल्याशिवाय ओढू नये. ती माझ्यामुळंच लागली होती. नवीन असताना मी एका विहाराच्या कमिटीचा पेनड्राइव्ह तसाच उपटला आणि देणगीदारांची सगळी यादी गेली. कमिटीची माणसं समोर बसलेली, आणि मी रडत रडत नावं परत टाइप करतेय. तेव्हापासून काहीही ओढायचं तर आधी पडद्यावरून इजेक्ट. हात आपोआप जातो. त्या दिवशीही, फेकायच्याच लायकीची वस्तू, तरी मी त्या डिस्कवर उजवी टिचकी मारली आणि इजेक्ट केलं.

डिस्क गेली. मी वाकून ते उपटणार, तेवढ्यात त्याच्यावरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. तीन दिवसांत तो एकदाही लागला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायची खूण आली, आणि तिच्यात आळीतल्या सगळ्यांची नेटं, वरच्या बाईंचं सर्वांत वर. पुढं भाईंनी सांगितलं, "हाँ ताई, वो पहले सीडी बनके आता है, विंडोजवालों के वास्ते. सीडी निकालो, तब असली काम पे लगता है." म्हणजे ड्रायव्हर वगैरे काही लागतच नव्हतं. तीन दिवस मी नको त्या दारावर डोकं आपटत होते.

पण त्या घडीला मला काही कळून घ्यायचं नव्हतं. कॅलेंडरचं पान शोधलं, पासवर्ड टाकला, लागलं. अकराला चार मिनिटं. बाईंची लिंक उघडली, कॅमेऱ्याला परवानगी दिली, आणि "बघा, आलं!" म्हणत पडद्यासमोरून बाजूला झाले.

बाई यायच्या आधी, आपण कसे दिसतो ते पडद्यावर येतं. फोनवर ते नेहमी मी एकटीच पाहायचे. इथं, त्या मोठ्या पडद्यावर, मधोमध, ह्यांचं तोंड होतं. डावीकडचं नेहमीचं, उजवीकडचं खाली ओघळलेलं. कडेला लाळेची ओली रेघ.

मी माऊसकडं झेपावले. ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. पाच महिन्यांत इतक्या जोरानं त्यांनी काही धरलं नव्हतं. ते बघत राहिले. मग माझा हात सोडून त्यांनी लाळ पुसली, आणि बोट जबड्याखाली नेऊन एका जागी ठेवलं. तिथं दाढीचा खुंट राहिला होता. रोजच राहत असणार. माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं, जसं बिनतिकिटाच्या प्रवाशाकडंच बघावं.

मी हसलेही आणि रडलेही. तेवढ्यात बाई आल्या, "वा, आज कसे छान दिसताय!" म्हणाल्या, आणि ओठांचा चंबू करून दाखवला. ह्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या स्वतःकडं, मग पुन्हा त्यांच्याकडं. अर्ध्या तासात एक कच्चा 'बि' निघाला. बाईंना त्याचं काय एवढं ते कळलं नाही, मला कळलं.

कॉल संपल्यावर मी त्यांना उठवायला गेले, तर ते उठेनात. डावा हात उचलून त्यांनी कपाटाकडं बोट केलं. त्या कागदांकडं.

म्हणजे ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यामागं आरसा आहे, तो मी का झाकला आणि मला त्यांच्या तोंडाची किती भीती वाटते, सगळं. पाच महिने रोज पलंगावर पडून ते माझी ती भीतीच बघत होते, आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

मी कागद ओढले. खळ घट्ट बसली होती, काही तुकडे निघालेच नाहीत. ओल्या फडक्यानं पुसून पुसून मधली जागा मोकळी केली, खुर्ची तिकडं वळवली आणि पाणी, साबण, वस्तरा घेऊन आले. राहिलेली दाढी ह्यांनी बोटानं दाखवली आणि मी केली.