बीजाणू नसलेली ढिंगरी

शैला गेल्याचं तिच्या वहिनींनी फोनवर सांगितलं. "ताई गेल्या हो... दम पुरला न्हाई." मला रडू आलं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आज झोप लागू नये, एवढंच मनात आलं. महिना उलटला, अजूनही तेच येतं.

नगरजवळच्या त्या खासगी प्रयोगशाळेत शैला आणि मी एकत्र काम करायचो. बीजाणू न सोडणारी ढिंगरी अळिंबी तयार करायची, हा तिचा ध्यास. अळिंबीच्या खोलीत बीजाणूंची बारीक धूळ उडते आणि छातीत बसते. राहुरीकडच्या शेडमधल्या बायका खोकताना तिनं पाहिल्या होत्या. पुढे तोच खोकला तिला लागला. खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा म्हणून ती मागे लागली. प्रमुख, म्हणजे आमचे सर, म्हणाले, "आधी निकाल दाखवा."

तिनं दाखवला. सरांच्या सांगण्याप्रमाणे पेशींची भिंत विरघळवून बीजाणू रोखणारं जनुक घातलं की पेशी मरायच्या. शैलानं अळिंबीच्या छत्रीखालच्या पापुद्र्यांचे तुकडे घेतले, जनुक वाहून नेणाऱ्या जिवाणूंसोबत ठेवले. जनुक न शिरलेले तुकडे मारणारं औषध घातलेल्या बशीत बहुतेक करपले, मोजक्या तुकड्यांतून पांढरे धागे फुटले. त्यातून वाढलेल्या अळिंबीखाली तिनं काळा कागद ठेवला. सकाळी कागद काळाच, बीजाणूंची पांढरी पूड नाही! पोरीसारखी नाचली होती...

परिषदेत सरांनी ते काम स्वतःचं म्हणून मांडलं. आभारातसुद्धा तिचं नाव नव्हतं. तिनं नोकरी सोडली. काही महिन्यांत ते वाण पुन्हा बीजाणू सोडू लागलं आणि नव्यानं करायला कुणालाच जमेना. तेव्हा सर तिच्या गावी आले. ती ऑक्सिजनवर होती, मी उशाशी.

"शैला, तुकडे नेमके कोणत्या अवस्थेत घ्यायचीस?"

नाकावरची नळी सरकवून ती म्हणाली, "पद्धत तुमची ना सर? मग मला का विचारता?"

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "च्या न्हाई मिळायचा. निघा."

ते गेल्यावर ती धाप लागेपर्यंत हसली. मग मला सांगितलं, "छत्री उघडायच्या आधीचे कोवळे पापुद्रे. सगळ्यांना शिकव. माझं नाव घेऊन."

तेच करते आहे. मिटलेली छत्री तळहातावर उलटी धरायची तिची सवय आता माझ्याकडे हे शिकायला येणाऱ्या मुलींना लागली आहे. या सगळ्या कृतीला त्या 'शैलाची पद्धत' म्हणतात. सरांनाही यापुढे तेच म्हणावं लागेल.

परवा त्यांचा निरोप आला. "शैलावर लिहिताय असं कळलं, आमचाही उल्लेख असू द्या."

केला आहे.