थायलंडच्या आजींच्या तोंडावर पिचकारी

मंडळी, मी सध्या पाठीवर बॅग टाकून थायलंड फिरतेय. आज इथलं पारंपरिक नवीन वर्ष, सोंगक्रान. रस्त्यावर पाण्याचा नुसता धिंगाणा, पण घरात वेगळंच असतं.

हॉस्टेलच्या मालकीणबाई सकाळी मला आणि सोबत आलेल्या माझ्या चुलतभावाला, सच्याला, आपल्या माहेरी घेऊन गेल्या. त्यांची म्हातारी आई चटईवर बसली होती. लेकी-नातवंडं तिच्या ओंजळीत हळूच सुगंधी पाणी घालत होती आणि ती आशीर्वाद देत होती.

सच्याची पाळी आली. त्यानं एका हातानं मोबाईल उंच धरला आणि पिचकारी थेट आजींच्या तोंडावर मारली. वर "हॅपी न्यू इयर!" म्हणून बोंबलला.

आजी दचकल्या. मी सच्याचा हात धरला.

"अरं, काय केलंस हे?"

"तायडे, पाण्याचाच सण हाय की!"

"घरी कसबा बावड्यात काकूच्या तोंडावर मारशील अशी?"

"आई हाणंल की मला!" म्हणत तो हसला.

म्हणजे अक्कल होती बघा. फक्त परक्या म्हातारीसाठी वापरायची नव्हती.

मी त्याला बाहेर काढलं आणि आजींची माफी मागितली. त्यांनी ओल्या केसांनीच हात पुढे केले. मी पाणी घातलं, पण मान वर करवेना.

आता तो व्हिडिओ आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपवर फिरतोय. "नाद खुळा भावा" लिहून बदाम टाकणाऱ्यांनो, त्यात आजींचा चेहरा दिसला का कुणाला?