आधी स्कोअर, मग फोटो

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. चौदा माणसं आणि दोन भाड्याच्या व्हॅन अठरा दिवस एकत्र सोडा, ते आपोआप साचतात, घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयमध्ये बाहेर गुडघाभर बर्फ पडला आणि कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये मंडळी जमली, की सांगलीकरांच्या दौऱ्याचा विषय निघतोच. सांगताना प्रत्येक जण पाच-दहा रन वाढवतो. मी त्या दौऱ्याचा मॅनेजर होतो, म्हणजे ड्रायव्हर, स्कोअरर आणि सकाळी सगळ्यांना हाका मारून उठवणारा. स्कोअरबुक अजून माझ्याच कपाटात आहे, तेव्हा माझं व्हर्जन अधिकृत समजावं.

दौरा होता सांगलीतल्या आमच्या जुन्या क्लबच्या पन्नाशीपुढच्या संघाचा. क्लब पहिल्यांदाच परदेशात खेळायला निघाला होता. तीन गावांतल्या स्थानिक टीम्सशी पाच मॅचेस ठरल्या: चँडलरला एक, क्युपर्टिनोला दोन आणि शेवटच्या दोन आमच्या ट्रॉयला. कॅप्टन माझा चुलतभाऊ शरददादा, वय बासष्ट, बँकेतून रिटायर झालेला. निघायच्या आदल्या दिवशी क्लबात निरोपसमारंभ झाला. क्लबचे सगळ्यात जुने सभासद नाना दादाला हार घालता घालता माईकवरच म्हणाले, "पोरांनो, मजा करा. स्कोअर नाही कळवलात तरी चालेल, फोटो तेवढे पाठवा."

सगळे हसले. दादा हसला नाही. विमानात बसल्यावर त्याने फर्मान काढलं, "एक मॅच जिंकल्याशिवाय कुणीही एकही फोटो काढायचा नाही. आधी स्कोअर, मग फोटो."

"आणि पाचही हरलो तर?" बापूने विचारलं. बापू म्हणजे विकेटकीपर. गावात त्याचं औषधांचं दुकान आहे आणि तोंडाला कुलूप नाही.

"तर अमेरिका डोळ्यांनी बघायची आणि परत जायचं," दादा म्हणाला.

*

बापूची पुतणी चँडलरला असते. तिच्यासाठी त्याने दोन किलो हळद आणली होती, खास सांगलीची. ती त्याने टीमच्या किटबॅगेत, पॅडमध्ये गुंडाळून ठेवली. "पॅडमध्ये विटा सुरक्षित राहतील, हळदीचं काय घेऊन बसलात," असं त्याचं म्हणणं होतं.

चँडलरच्या हॉटेलात बॅग उघडली तर चौदाच्या चौदा पांढरे ड्रेस पिवळे. लगेच सगळे खाली लाँड्रीत पळाले आणि मशीनमध्ये भरपूर साबण ओतून बटण दाबलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्या चौदातल्या एकाही सांगलीकराला आठवलं नाही.

तिथे उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत खेळावं लागतं, म्हणून टॉस पहाटे साडेपाचला होता. पिवळ्या कपड्यांवर तांबडे डाग घेऊन आमची टीम मैदानात उतरली. चँडलरचा कॅप्टन आदराने म्हणाला, "काका, कलर्स मस्त आहेत. स्पॉन्सर कोण?"

दादा म्हणाला, "हळद लागलीय. आता लग्न लावूनच परत जाणार."

*

त्या मॅचमध्ये बापूने एक घोळ घातला. आपण परदेशात आलोय, इथे आपली भाषा कुणाला कळणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. समोर कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांतली तिशीतली पोरं होती, गॉगल लावलेली, आपसात इंग्रजी बोलणारी. बापू स्टंपमागून मोठ्याने बोलरला सांगायला लागला, "ह्याला लेगला टाक रे. चष्मा घरी विसरलाय वाटतं. ह्याला तिकडचं काही दिसत नाही."

बॅट्समन वळला. "काका, मी नागपूरचा. आणि मला बरोबर दिसून राहिलं."

पुढचा बॉल लेगलाच होता. तो पलीकडच्या बेसबॉलच्या मैदानात सापडला. मॅच आम्ही पंचावन्न रननी हरलो.

बापू मात्र हार मानणारा नव्हे. त्याचं आजोळ कर्नाटकातलं. क्युपर्टिनोला त्याने सगळा सल्ला कानडीतून द्यायला सुरुवात केली. सहा ओव्हर बॅट्समन शांतपणे ऐकत होता. आउट होऊन जाताना त्याने बापूच्या खांद्यावर हात ठेवला आणि शुद्ध धारवाडी कानडीत त्याचं गाव विचारलं. तोवर त्याचे एकाहत्तर झाले होते.

*

क्युपर्टिनोचं मैदान म्हणजे सार्वजनिक पार्क. एका बाजूला कुणाचा तरी वाढदिवस चाललेला, दुसऱ्या बाजूने लोक कुत्री फिरवत होते. तिथल्या दुसऱ्या मॅचमध्ये गोडबोले सर बाउंड्रीवर उभे होते. सर आमचे स्पिनर आणि गणिताचे रिटायर शिक्षक. कुत्रं घेऊन निघालेल्या एका आजीबाईंनी थांबून विचारलं, हा कुठला खेळ आहे?

शिक्षकाला प्रश्न विचारायचा नसतो. सरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. ओव्हर म्हणजे काय, विकेट म्हणजे काय, नोबॉल, वाइड, एलबीडब्ल्यू. आजीबाई हुशार होत्या, मान डोलवत ऐकत होत्या. सर रंगात आले होते आणि त्यांच्या मागून दोन चौकार गेले.

शेवटी आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे बॉल इकडे आला की तुम्ही अडवायचा, हेच तुमचं काम ना?"

"करेक्ट!" सर खूश झाले.

"मग तुम्ही माझ्याशी काय बोलताय?"

*

तीन मॅचेस, तीन पराभव. त्यात जवळच्याच सॅन फ्रान्सिस्कोचा तो जगप्रसिद्ध पूल बघायला गेलो. आजूबाजूला शेकडो माणसं हात लांब करून फोटो काढत होती आणि आमचे चौदा जण खिशात हात घालून रांगेत उभे होते. एका चिनी जोडप्याने त्यांचा फोटो काढायला सांगितलं तर गोडबोले सरांनी आधी दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "दुसऱ्यांचा चालेल."

खरी पंचाईत बापूची झाली. त्याची बायको, सुमनवहिनी, रोज फोन करायची. "दहा दिवस झाले, एक फोटो नाही. खरं सांगा, महाबळेश्वरला बसलाय ना सगळे?"

बापूने शपथा घेतल्या, काही उपयोग झाला नाही. मग व्हॅनमध्ये बसल्यावर त्याला युक्ती सुचली. डॅशबोर्डवर मॅपवाली बाई अमेरिकन उच्चारात रस्ता सांगत होती. बापूने फोन तिच्यासमोर धरला. "हे ऐक आता. पटलं ना?"

वहिनींनी नीट ऐकून घेतलं. मग वहिनी म्हणाल्या, "गाडीत ती बाई कोण आहे?"

*

ट्रॉयला पोचेपर्यंत चौघांचे पाय आणि कमरा कामातून गेल्या होत्या. दहाच धड उरले. अकरावा हवा म्हणून मी माझ्या मुलीला, नेहाला विचारलं. नेहा इथेच जन्मली, घोड्यांची डॉक्टर आहे आणि कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायची. ट्रॉयच्या कॅप्टनने हसून परवानगी दिली. नेहाला मराठी कळतं, पण उत्तर अर्धं इंग्रजीत येतं. ती दादाला म्हणाली, "काका, आय कॅन हिट. बाकी सगळं तुम्ही सांगा."

आणि खरंच तिने हाणले. चौथी मॅच आमच्या हातात होती. आठ बॉलमध्ये नऊ रन हवे होते, दादा सत्तेचाळीसवर, समोर नेहा. नेहाने बॉल मिडऑनला मारला आणि ओरडली, "होऽऽ!"

दादा सुटला. अर्ध्या पिचवर आल्यावर त्याला दिसलं की नेहा हलायला तयार नाही, उलट दोन्ही हात पुढे करून तेच ओरडतेय, "हो! हो!" दादा रनआउट झाला आणि मॅच आम्ही तीन रननी हरलो.

मैदानाबाहेर दादा तिला म्हणाला, "अगं, तू हो म्हणालीस ना?"

"येस! हो! मीन्स स्टॉप!"

"हो म्हणजे स्टॉप?"

"काका, इंग्लिशमधलं 'whoa'! मी दिवसभर हेच म्हणते. घोडे थांबतात."

मागून बापू म्हणाला, "त्या घोड्यांना इंग्रजी येत असणार."

*

त्या संध्याकाळी दादा आमच्या घरामागच्या डेकवर एकटाच बसला होता. मी चहा घेऊन गेलो. तो म्हणाला, "नानांच्या मनात वाईट काही नव्हतं रे. तेच जास्त लागलं. चाळीस वर्षं ह्या क्लबसाठी खेळलो, आणि आपली माणसं म्हणतात फोटो पाठवा. मला एक स्कोअर कळवायचाय. बास, एकच."

मला त्याच्याकडे बघवेना. हा माणूस मला बॅट धरायला शिकवणारा. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ड्राइव्हवेवर कचऱ्याचे दोन डबे स्टंपसारखे ठेवलेले होते आणि दादा नेहाला शिकवत होता. दोनच शब्द. पळायचं असेल तर "ये", नसेल तर "नको". नेहाने ते ग्लोव्हवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले. तासभर दोघं त्या डब्यांमध्ये पळत होती आणि समोरचे शेजारी खिडकीतून बघत होते.

*

शेवटची मॅच. ट्रॉयचे एकशे बेचाळीस. आमची सुरुवात वाईट झाली, मग बापूने एकतीस काढले, गोडबोले सरांनी एकही रन न काढता पंधरा बॉल अडवले आणि त्याचा त्यांना अजून अभिमान आहे. शेवटच्या ओव्हरला पुन्हा तीच जोडी, दादा आणि नेहा. "ये", "नको", "ये". एकदाही चूक नाही. शेवटचा बॉल उरला तेव्हा स्कोअर बरोबरीत होता आणि स्ट्राइकवर दादा.

दादाने बॉल कव्हरला ढकलला, पण जोर बसला नाही. फील्डर पाच पावलांवर. रन अशक्य होता. नेहा ग्लोव्हवरचे शब्द विसरली आणि जीव खाऊन ओरडली, "होऽऽ!"

चौथ्या मॅचचा किस्सा एव्हाना अख्ख्या ट्रॉयला माहीत झाला होता. नेहाचं "हो" म्हणजे थांब, हे फील्डरने बरोबर ओळखलं. त्याने निवांत बॉल उचलला, हसला, आणि आरामात बोलरकडे निघाला.

दादा अर्ध्या पिचवर पोचला होता.

नेहा नंतर म्हणाली, घोडा उधळला की वाद घालायचा नाही, पळायचं. ती पळाली. फील्डरने घाबरून फेकलेला बॉल स्टंपच्या दोन हात बाजूने गेला. दोघं पोचली होती. फील्डर अंपायरकडे धावला, "अहो, तिने स्टॉप म्हटलं होतं!"

अंपायर आमच्या गल्लीतले तेलुगू काका होते. ते शांतपणे म्हणाले, "बट ही डिडन्ट स्टॉप, नो?"

मी स्कोअरबुकात एकशे त्रेचाळीस लिहिलं आणि चष्मा पुसला. चौदा फोन एकदम बाहेर आले. बापूने वहिनींना ओळीने बेचाळीस फोटो पाठवले. पिवळ्या कपड्यांतला टीमचा फोटो मात्र नेहाने दादाच्या फोनवर काढला, स्वतः मधोमध येईल असा हात लांब करून.

मी दादाला बाजूला घेतलं. "खरं सांग, ह्या वेळी तिचं 'हो' म्हणजे थांब हे तुला कळलं होतं ना?"

दादा फोनवर नानांना मेसेज लिहीत होता. एकच ओळ: "त्यांचे १४२, आमचे १४३. जिंकलो." लगेच उत्तर आलं, "शाब्बास शरद! आता टीमचा फोटो पाठव."

दादाने नाकावरचा चष्मा सारखा केला, एका बोटाने टाइप केलं, "हो," आणि फोन खिशात टाकला.

नाना अजून त्या फोटोची वाट बघताहेत.