तोडणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते ऐन मे महिन्यात, सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये, विजेच्या तारेवर बर्फ चढवताना. बर्फ म्हणजे लाकडाच्या अर्धगोल पट्ट्या. थंड डोंगराळ भागात तारेवर एका बाजूने बर्फ साचतो आणि वारा सुटला की तार उड्या मारायला लागते. ती किती तग धरते ते त्यांना बघायचं होतं. समोर भलामोठा पंखा, तरी कपाळावरून घाम ओघळतोय. मी मुलाखतीला आलेली, हातात फाइल. "उभी काय राहिलीस? बर्फ धर," त्या म्हणाल्या.

अशी मी त्या प्रयोगशाळेत लागले. माझं काम ऑफिसचं: नमुन्याची नोंद, मशीनचं वेळापत्रक, अहवाल, बिल. सगळ्याच्या याद्या असल्या की मला शांत झोप लागते. सुनंदाताई माझ्या वेळापत्रकात कधी मावल्या नाहीत आणि खुर्चीत कधी बसल्या नाहीत. त्यांच्या खुर्चीवर कायम नमुन्यांची खोकी. शेठ, म्हणजे आमचे मालक, येताजाता बसायचा आग्रह करायचे, "सुनंदाबेन, बेसो ने हवे!" त्या "हो, हो" म्हणत मशीनकडे जायच्या. डबासुद्धा उभ्यानेच खायच्या.

आमचा धंदा वस्तू मुद्दाम तोडून बघण्याचा. लोखंडी दोर, बोल्ट, मोडलेल्या हाडावर बसवायच्या स्टीलच्या पट्ट्या. माणूस चालताना पट्टीवर जसा भार येतो, तसा मशीन तिला वाकवत राहतं, दिवसचे दिवस. नमुना गेला की ताई आनंदाने विचारायच्या, "तुटलं का? छान!" गिऱ्हाइकाला फोनवरही हेच. मग मी फोन घेऊन समजूत घालायची की कुठून तुटलं ते कळलं म्हणून छान, तुमचं नुकसान झालं म्हणून नव्हे.

एकदाच त्या छान म्हणाल्या नाहीत. सुरतेतल्याच एका कारखान्याची पट्टी मशीनवर होती आणि ती फार लवकर तुटली. ताईंचा चेहरा उतरला. त्यांचे यजमान भास्करराव लिंबायतला कापडाच्या लूमवर मास्तर. रिक्षा उलटून त्यांची मांडी मोडली होती, आणि त्या मांडीत याच कारखान्याची पट्टी होती.

ताईंनी तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चीर स्क्रूच्या भोकाच्या कडेपासून सुरू झाली होती, बरोबर नमुन्याच्या क्रमांकाच्या आकड्यातून. आकडा आम्ही शाईने, टोकाला लिहितो. त्या दिवशी शाईचं पेन सापडेना, शोधत बसायला ताईंना दम कुठला? भांड्यांवर नावं घालतात तसलं मशीन शेडमध्ये होतं, त्याने त्यांनी आकडा भोकाशेजारी कोरला होता. त्या ओरखड्यातून चीर गेली.

"चूक माझी," त्यांनी शेठना सरळ सांगितलं. "पट्टी नापास नाही, चाचणी बाद." नव्या पट्ट्या आल्या, शाईने आकडे पडले, पास झाल्या. कारखाना खूश, शेठ खूश, मी फाइल बंद केली.

ताई मात्र शेडमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. "वैशाली, आपल्याकडे येतात त्या पट्ट्या कोऱ्या असतात. दुकानात विकतात त्याही कोऱ्याच असतात का?"

त्या स्वतः जाऊन एक विकत घेऊन आल्या. कारखान्याचं नाव आणि माल कोणत्या खेपेचा तो आकडा, सगळं पट्टीवर ठोकलेलं होतं. भोकाच्या शेजारी. पॅकिंगच्या आधीचं शेवटचं काम, म्हणून आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांवर ते नसायचं. ही पट्टी मशीनवर चढली आणि तिथूनच तुटली.

"बेन, गराक जतो रहेशे," शेठ हळहळले. गिऱ्हाईक जाईल ही भीती खरी होती.

"गेला तर जाऊ दे. पट्टी घातलेली माणसं रस्त्यावर चालतायत."

तरी शेठनी अहवालावर सही केली. कारखानदार फोनवर खूप तापला, आणि पुढच्या मालापासून छाप टोकाला मारू लागला. तिथे पट्टी फारशी वाकत नाही.

पण भास्कररावांची पट्टी जुन्या मालातली. हाड जुळलंय, काढायची तर काढू, घाई नाही, असं डॉक्टर म्हणत होते. भास्कररावांना पुन्हा चिरफाड नको होती. ताई त्यांच्या मागे मागे, पावलांकडे बघत चालायच्या. एकदा डबा द्यायला ते शेडवर आले तेव्हा माझ्यासमोरच वैतागले, "पोलिसावानी मागं नको चालू! बाजूले चाल, नहीतर घरी ऱ्हाय."

"पट्टी काढा, मग पुढे चालते."

शेवटी ते तयार झाले, भीतीने नव्हे, कंटाळून. टाके निघाल्यावर काठी टेकत स्वतःच पट्टी घेऊन शेडवर आले, रुमालात गुंडाळून. ताईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. उलटली, पुन्हा धरली. चीर दाखवणारा लाल रंग लावला, पुसला, पुन्हा लावला. भास्करराव, शेठ आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत उभे.

"काहीच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "एक रेघ नाही."

भास्कररावांनी काठी आपटली. "मंग माले उगाच कापं का?"

"हां," ताई म्हणाल्या. "उगाच."

मग त्यांनी खुर्चीवरची खोकी उचलून जमिनीवर ठेवली आणि बसल्या. शेठ काहीतरी बोलणार होते, मी त्यांना हाताने थांबवलं.