शिरवण्याचा भोंगेवाला

समस्त जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकात नेरुळमध्ये इमारती उगवत होत्या तेव्हा या मुलखावर आमदारांची नव्हे, शेजारच्या शिरवणे गावातल्या भोंगेवाल्याची सत्ता होती. लग्न, जत्रा, सभा, सगळीकडे माइक त्याचाच. आधी त्यात फुंकर मारायची, मग "हॅलो, हाय का कोन?" विचारून स्वतःच हसायचं. जत्रेत हरवलेल्या पोरांची वर्णनं तो इतक्या मायेनं सांगे, की आम्ही फ्लॅटवाले ती ऐकायला गॅलरीत येऊन उभे राहायचो.

अशाच एका विधानसभेच्या निवडणुकीला आमदारसाहेब पुन्हा उभे होते. त्यांच्या सगळ्या सभांचं काम मिळेल, या आशेनं त्यानं नवा भोंगा घेतला. पहिल्याच सभेला साहेब येईनात. लोक उठू लागले. कार्यकर्ता त्याच्यावर खेकसला, "अरे, बोल कायतरी! पब्लिक चाललं!"

तो गडबडला. डोळे मिटून, जत्रेतल्या त्याच मायाळू आवाजात बोलून गेला,

"पांढरा झब्बा, काला चष्मा. पाच वर्सांपूर्वी हितंच नलाचं पानी देतो सांगताना दिसले व्हते. आपले आमदार कोनाला गावले तं ष्टेजवर आनून सोडा!"